सपाट चित्राला उंची कोण देतो?



आपल्या सुतारकाम वर्गात राउटर यंत्र आल्यापासून मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार येतो. नांदेडच्या एका भगिनींनी तो सरळच विचारला : "संगणकात चित्र घातले की यंत्र आपोआप कोरून देते ना? मग मुलांनी शिकायचे काय उरले?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या देणगीतून वर्ग चालतो त्यांनी तो विचारायलाच हवा. म्हणून या अंकात अहवाल थोडा बाजूला ठेवून हे काम नेमके कसे चालते ते सविस्तर सांगतो.

थोडक्यात उत्तर असे की यंत्र कोरते हे खरे, पण कुठे किती खोल कोरायचे हे त्याला कुणीतरी सांगावे लागते, आणि ते चित्रात लिहिलेले नसते. किनवट आणि माहूर तालुक्यांतून आलेली आपली मुले-मुली, गोंड, कोलाम, आंध, प्रधान घरांतली, जे शिकतात ते हेच.

आधी यंत्राविषयी. सीएनसी राउटर म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारे कोरणी यंत्र. एक मोठे सपाट टेबल असते. बहुतेक ठिकाणी ते आठ बाय चार फुटांचे असते, कारण प्लायवूडची अख्खी शीट त्यावर बसते. टेबलावर एक कमान पुढेमागे सरकते, कमानीवर एक मोटर डावीउजवीकडे सरकते, आणि ती मोटर वरखालीही होते. मोटरीच्या टोकाला बिट लावलेले असते. ते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे फिरते. पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली, या तीन हालचालींच्या पलीकडे यंत्राला काही येत नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या फर्निचर दुकानांच्या मागच्या बाजूला गेलात तर हे यंत्र घरघरत असलेले दिसेल. नव्या बंगल्यांच्या दर्शनी दारांवरचे मोर, कलश, वेलबुट्ट्या आता बहुतेक याच यंत्रावर निघतात.

या यंत्राची मर्यादा मी मुलांना पावसाच्या उदाहरणाने सांगतो. फळीवर सरळ वरून पाऊस पडला तर थेंब जिथे पोचेल तिथेच बिट पोचेल. पानाच्या खालून पोकळ करायचे, पक्ष्याची मान मागून सोडवायची, हे या यंत्राला जमत नाही. ते हाताने कोरणाऱ्या कारागिरालाच जमते. म्हणजे फळीवरच्या प्रत्येक बिंदूला एक आणि एकच उंची असते. चित्र सपाट, त्याला लांबी आणि रुंदी आहे. फळीवर तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे उंची. ती आणायची कुठून?

आता क्लिपआर्टकडे येऊ. हा शब्द अनेकांना ठाऊक नसला तरी ती वस्तू आपल्या सर्वांच्या घरात आहे. नाताळाच्या कार्यक्रमपत्रिकेवरची मेणबत्ती, लग्नपत्रिकेवरची फुले, उपासनेच्या पत्रकावरचे उघडे पवित्र शास्त्र, चोचीत डहाळी घेतलेले कबूतर, ही तयार चित्रे. पूर्वी छापखान्यात अशा चित्रांची पुस्तकेच मिळत. हवे ते चित्र कात्रीने कापून पानावर चिकटवायचे, म्हणून 'क्लिप'. पुढे ती संगणकात आली. आता इंटरनेटवर लाखोंनी मिळतात. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे आणि फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉमध्ये अशा चित्रांचे गठ्ठेच साठवलेले असतात.

चित्र संगणकात दोन प्रकारे राहते. एक, ठिपक्यांचे : मोठे केले की कडा फाटतात. दुसरे, रेषांचे : कितीही मोठे केले तरी रेषा स्वच्छ राहते. राउटरला रेषांचे चित्र सोयीचे. ठिपक्यांचे चित्र आले तर त्यावरून रेषा काढून घ्याव्या लागतात. त्यासाठी आम्ही इंकस्केप ही मोफत प्रणाली वापरतो. संगणक स्वतःही रेषा काढून देतो, पण वळणावर नको तितके बिंदू टाकतो. ते सगळे पुसून चार-पाच नेटक्या बिंदूंवर वळण आणणे हा आमचा पहिला आठवडा. हे काम कंटाळवाणे आहे. पण नीट झाले नाही तर पुढे लाकडाची कड दातेरी निघते.

रेषा मिळाल्या, तरी उंची नाहीच. इथे खिशातले एक नाणे हातात घ्या. सिंहमुद्रेची बाजू वर करा. तीन सिंह दिसतात : एक समोर तोंड केलेला, दोन बाजूंना. समोरचा जवळ आहे आणि बाजूचे मागे वळले आहेत हे क्षणात कळते. आता नखाने चाचपून पाहा. सगळा उठाव एका मिलिमीटरच्याही आत आहे! खरी खोली जवळजवळ नाहीच. आहे तो फक्त क्रम : कोण पुढे, कोण मागे, कुठे गोल, कुठे कड. हा क्रम बरोबर असला की डोळा उरलेले स्वतः भरून घेतो. कमी उठावाच्या शिल्पाची सगळी विद्या एवढ्यात आहे.

आपल्या मराठवाड्यात ही विद्या फार जुनी आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे किंवा निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर पाहिले तर तिथल्या भिंतींवर मूर्ती जवळजवळ सुट्या उभ्या आहेत. तो खोल उठाव, यंत्राच्या पावसाला न पोचणारा. पण गावोगावी वेशीबाहेर, पारावर उभे असलेले वीरगळ पाहा. लढाईत किंवा गुरे राखताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा तो दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर चंद्र-सूर्य. काही दगडांवर गुरेही असतात. बोटभर खोलीत गाय, तिच्यामागे दुसरी गाय, तिच्यामागे तिसरी. पाथरवटाने प्रत्येक मागची गाय जराशी खाली दाबली आहे आणि पुढच्या गाईची कड जराशी उचलली आहे. बस्स, एवढेच. उन्हे तिरपी झाली की त्या गाई उठून दिसतात. मी नवीन तुकडीला नाणे दाखवतो आणि गावी गेल्यावर जवळचा वीरगळ पाहून यायला सांगतो. तो दुपारी बारा वाजता नव्हे, संध्याकाळी पाहायचा, कारण डोक्यावरच्या उन्हात उठाव दिसतच नाही.

आता प्रत्यक्ष एक काम घेऊ. एका मंडळीला पुलपिटच्या दर्शनी बाजूसाठी कबुतराचे चित्र हवे होते. पाळकसाहेबांनी नाताळाच्या पत्रकावरचे क्लिपआर्ट पाठवले. काळ्या रेषेत काढलेले उडते कबूतर, दोन पंख, चोचीत जैतुनाची डहाळी. कागदावर ते छानच दिसत होते. माहूरकडच्या एका मुलीने ते पडद्यावर बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, यातला पुढचा पंख कोणता?"

वर्गात शांतता झाली. खरोखरच ते सांगता येत नव्हते. रेषा दोन्ही पंखांना सारखीच होती. कागदावर याने काही बिघडत नाही, आपण 'कबूतर' म्हणून पुढे जातो. पण लाकडात एक पंख शरीराच्या वर हवा आणि दुसरा शरीराच्या मागे. चित्रकाराने हा निर्णय घेतलेलाच नव्हता, तो आम्हाला घ्यायचा होता.

फळी 20 मिलिमीटर जाडीची सागवानी होती, आणि उठावाला 8 मिलिमीटर ठरवले. पार्श्वभूमी शून्यावर. मागचा पंख सर्वांत खाली, दोन ते तीन मिलिमीटर. शेपटी तीनवर, टोकाकडे उतरती. शरीर तीनपासून फुगत सातपर्यंत. पुढचा पंख सर्वांत वर, आठला टेकणारा. हे सगळे एका वहीत पेन्सिलीने लिहून काढायचे, मगच संगणकाला हात लावायचा असा वर्गाचा नियम आहे.

संगणकात उंची देण्याचे साधे मार्ग तीन. बंद रेषेच्या आत सपाट चौथरा उभा करता येतो. एका बाजूने दुसरीकडे उतार देता येतो. किंवा घुमट फुगवता येतो. घुमटाचे बटण नव्यांना फार आवडते, कारण दाबताच चित्र थ्रीडी दिसू लागते. पण घुमट रुंदीच्या हिशेबाने फुगतो : आकार जितका रुंद तितका तो उंच. कबुतराचे पोट रुंद म्हणून ते टम्म पुरीसारखे वर येते, आणि पाय बारीक म्हणून ते फळीला चिकटून राहतात. बाजारातल्या कितीतरी दारांवरचे मोर असे फुगे झालेले आहेत. एकदा लक्षात आले की मग दिसतच राहतात! यावर उपाय म्हणजे उंचीला छत घालायचे, रुंद भागाचा घुमट दाबायचा, अरुंद भागाला खाली चौथरा देऊन उचलायचे.

यानंतर आकार एकमेकांत बसवायचे. इथेही संगणक विचारतो : दोन आकार जिथे एकावर एक येतात तिथे उंचींची बेरीज करू, की जो उंच असेल तो ठेवू, की जो खाली असेल तो? पंख शरीरावर बेरजेने ठेवला तर खालच्या पोटाचा फुगवटा पंखातून वर येतो, जणू चादरीखाली कुणी झोपले आहे. उंच तो ठेवला तर पंख स्वच्छ वर बसतो. पण तेवढ्याने पक्षी जिवंत होत नाही. खऱ्या पक्ष्याचा पंख खांद्याशी शरीरात विरलेला असतो आणि टोकाशी सुटा असतो. म्हणून पंखाला उतार द्यायचा, खांद्याशी शरीराच्या बरोबरीचा आणि टोकाकडे सुटत जाणारा. खांद्याशी कड दिसता कामा नये, टोकाशी दिसलीच पाहिजे. हे बटणाने होत नाही. ज्याने कोंबडी धरली आहे, तिचे पंख हाताने पसरून पाहिले आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही.

आणि हीच गोष्ट मला या लेखातून सांगायची आहे. आपली मुले संगणकात मागे आहेत असे आपण सहज म्हणतो. माऊस पहिल्यांदा वर्गातच धरणारे काही असतात, हे खरे. पण उंचीचा निर्णय संगणकाच्या ज्ञानातून येत नाही, वस्तू हाताळल्याने येतो. लातूरच्या एका दुकानाकडून पूजेच्या खोलीच्या दारासाठी मोराचे काम आले होते. क्लिपआर्टमध्ये पिसांचे डोळे आणि देठ एकाच पातळीवर, गालिच्यावरच्या नक्षीसारखे. किनवटकडच्या एका मुलाने ते बदलले. दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या दंडारीत गुसाडी मोरपिसांचा मोठा टोप घालतो, तो टोप बांधताना त्याने लहानपणापासून पाहिलेला. पिसांचे देठ आत कुठे जातात, डोळे कुठे एकमेकांवर येतात, वरची रांग खालच्या रांगेला कशी झाकते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. त्याने पिसांच्या तीन रांगा केल्या आणि प्रत्येक मागची रांग अर्ध्या मिलिमीटरने खाली उतरवली. दुकानदाराने दुसऱ्या दाराचे कामही आमच्याकडेच दिले.

त्या कबुतराच्या पट्टीला कडेने नक्षी हवी होती. क्लिपआर्टच्या गठ्ठ्यात परदेशी वेलींच्या शेकडो कडा आहेत. मुलांनी पळस सुचवला. पळसाला पाने तीनच, हे आपण बोलताना म्हणतो, पण पळसाचे पान हातात घेऊन किती जणांनी पाहिले आहे? तीन दले, मधले मोठे आणि टोकाशी गोलसर, बाजूची दोन थोडी तिरपी. जी घरे पत्रावळी लावत आली आहेत त्यांना पानाची सुलटी-उलटी बाजू अंधारातही कळते. शिरा खालच्या बाजूला उठून येतात, वरून त्या खोलगट दिसतात. तयार चित्रात मात्र शिरा नुसत्या काळ्या रेघा असतात. त्यांना उठाव द्यायचा की खाच, हे पान न पाहता कसे कळणार? मुलांनी वरची बाजू धरली आणि बारीक खाच दिली. पानाचा मधला भाग किंचित खोल, कडा किंचित वर वळलेल्या. ही कड आता पुन्हा पुन्हा मागितली जाते.

सीमेपलीकडे तेलंगणात निर्मल गाव आहे, तिथली पोणिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी प्रसिद्ध आहेत. जैनूरच्या बाजूला ओझा कारागीर मेणाच्या साच्यातून पितळेचे ढोकरा काम करतात. हे सगळे किनवटपासून फार दूर नाही. या भागात हाताची नजर आहेच, आपण तिला एक नवे साधन देत आहोत एवढेच.

आता एका फसव्या वाटेविषयी सावध करतो, कारण याबाबतीत मंडळ्यांकडून फार मागण्या येतात. दिवंगत वडिलांचा किंवा आजीचा फोटो पाठवून तो लाकडात कोरून मागतात. भावना मी समजतो. संगणकात अशी सोय आहे की कोणतेही चित्र काळे-पांढरे करून त्याच्या छटांनाच उंची मानायचे. काळे ते खोल, पांढरे ते उंच, मधल्या करड्या छटा मधल्या उंचीवर. एका बटणात होते. पण फोटोतला काळेपणा म्हणजे खोली नव्हे. काळे केस खड्ड्यात जातात, मिशीच्या जागी नाली होते, कपाळावरची चमक टेकडी होते, हसताना दिसणारे दात नाकापेक्षा पुढे येतात. ज्यांनी प्रेमाने फोटो दिला त्यांच्या हाती असा चेहरा ठेवणे बरे नाही. हल्ली काही प्रणाली फोटोवरून अंदाजाने खोली काढून देतात. चेहऱ्यावर त्यांचा अंदाज बराच जमतो, तरी नाक, पापण्या, ओठ हे माणसाने बसूनच सुधारावे लागतात. चार रेषांच्या कबुतरावर मात्र त्यांना धरायला काही नसते.

छटांची पद्धत चुकीची नाही, छटा कोण ठरवतो हा प्रश्न आहे. आपणच उंचीच्या हिशेबाने छटा भरल्या तर ती उत्तम चालते. एक बारकावा मात्र आहे. साध्या चित्रात छटा 256 असतात. आठ मिलिमीटरच्या उठावाला त्या वाटल्या तर एकेक पायरी साधारण 0.03 मिलिमीटरची, ती दिसत नाही. पण चित्र लहान असताना छटा भरल्या आणि मग ते तिप्पट मोठे केले, तर सौम्य उतारावर भाताच्या खाचरांसारखे टप्पे उमटतात. म्हणून छटा 65,536 पायऱ्यांच्या चित्रात ठेवाव्यात.

यंत्रावर काम जाते तेव्हाचा हिशेबही सांगतो, कारण "एवढ्याशा फळीला इतका वेळ का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आधी जाड बिट, साधारण सहा मिलिमीटरचे, नको असलेले लाकूड काढून टाकते आणि अर्धा मिलिमीटर मुद्दाम शिल्लक ठेवते. मग गोल टोकाचे बारीक बिट शेजारी शेजारी रेघा ओढत सफाई करते, शेतात नांगराचे तास मारावेत तशी. फळी 300 बाय 300 मिलिमीटरची, बिट तीन मिलिमीटरचे, दोन तासांमधले अंतर 0.3 मिलिमीटर. म्हणजे हजार रेघा, प्रत्येकी 300 मिलिमीटर : एकूण 300 मीटर. वेग मिनिटाला 2,400 मिलिमीटर धरला तर 125 मिनिटे. चढउतारावर यंत्र मंदावते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. अंतर निम्मे केले तर वेळ दुप्पट. गोल बिटाच्या दोन तासांमध्ये जो बारीक वरंबा राहतो तो मात्र अंतर निम्मे केल्यावर पाव होतो. 0.3 अंतराला तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे, पॉलिश पेपरच्या दोन हातांत जातो. म्हणून त्यापुढे वेळ घालवण्यात अर्थ नाही. या हिशेबावरच भाव ठरतो, आणि हा हिशेब आमच्या वर्गात आठवी शिकलेला मुलगाही फळ्यावर करून दाखवतो.

वीज गेली तर काय? यंत्र थांबते आणि आपण कुठे होतो ते विसरते. फळी जागची हलवायची नाही, सुरुवातीचा बिंदू फळीच्या कोपऱ्यावर खिळ्याने टिपून ठेवायचा, वीज आली की तिथून पुन्हा मोजायचे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावतो.

लाकडाविषयी. किनवटचा सागवान सर्वांना माहीत आहे. दिसायला देखणा, टिकायला चांगला. पण सागवानात वाळूचा अंश असतो, त्याने बिटाची धार लवकर जाते. शिवणीचे लाकूड मऊ, बारीक नक्षीला गोड. एमडीएफला रेषा नसतात म्हणून यंत्राला ते फार सोपे, आणि बाजारातले बरेच काम त्यातच होते, पण ओल लागली की फुगते. जुन्या वाड्यांच्या चौकटींचे लाकूड काही देणगीदारांनी दिले, त्याबद्दल आभार. त्यात खिळ्यांचे तुटके तुकडे दडलेले असतात. वीस हजार फेऱ्यांनी फिरणारे बिट खिळ्यावर आले तर फुटते, म्हणून आधी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवतो. डहाळीसारखा बारीक भाग लाकडाच्या रेषेला आडवा आला तर तुटतो. तेव्हा चित्र कसे ठेवायचे हेही लाकूड पाहून ठरते.

धुळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लाकडाची धूळ साधी वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये तिला माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत धरले आहे. एमडीएफची धूळ अधिक बारीक, आणि त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते. पुष्कळ दुकानांत मुले तोंडाला रुमाल बांधून काम करतात. रुमालाने ही धूळ अडत नाही. आपल्या वर्गात धूळ ओढणारे यंत्र सुरू झाल्याशिवाय राउटर सुरू होत नाही. प्रत्येकाला नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांना झाकण मिळते. हातमोजे मात्र घालू देत नाही, कारण फिरत्या बिटात मोजा अडकला तर हात ओढला जातो. धूळयंत्राच्या पिशव्यांसाठी कुणी मदत करू इच्छित असेल तर ती खर्च होणारी वस्तू आहे, वर्षभर लागते. मी मागतो आहे ते तिच्यासाठीच.

यंत्र थांबल्यावरही काम उरते. गोल टोकाचे बिट आतल्या कोपऱ्यात शिरत नाही. चोचीची खाच, डोळ्याची कड, पिसांची मुळे इथे कोपरा गोल राहतो. तिथे पटाशी आणि गोल पटाशी हातात घ्यावी लागते. कबुतराच्या फळीवर यंत्र सव्वादोन तास चालले आणि पटाशी दीड तास. त्या दीड तासाआधी फळी यंत्रकामासारखी दिसत होती, नंतर कुणी पाहून 'यंत्राचे' म्हणाले नाही.

आता रोजगाराचे. या दोन शहरांतल्या दुकानांत आपली मुले पूर्वी यंत्राशेजारी उभी राहत : फळी चढव, उतरव, झाड. डिझाइन कुठून तरी तयार विकत आणलेले असे, पेनड्राइव्हमधून येणारे. पडद्यासमोर बसणारा वेगळा आणि त्याचा पगार वेगळा. आपल्या वर्गाचा उद्देश त्या खुर्चीपर्यंत जाण्याचा आहे. आतापर्यंत काहींनी ती गाठली, काही अजून फळ्या चढवतात, एक-दोघे शेतीकडे परतले. दुकानात गेल्यावर मुलांना दिसते की पुष्कळांकडे महागड्या प्रणालींच्या चोरट्या प्रती आहेत. आर्टकॅम नावाची जी प्रणाली सर्रास चालते तिची विक्री ऑटोडेस्क कंपनीने 2018 मध्येच बंद केली. तिचे पुढचे रूप कार्व्हेको नावाने निघते. आम्ही विकत घेतलेली एकच प्रत आळीपाळीने वापरतो आणि बाकीचे मोफत प्रणालींत भागवतो. त्यामुळे शिकायला वेळ लागतो, तरी हेच बरे असे माझे मत आहे. तयार चित्रांचेही तसेच : कुणाचे चित्र कोणत्या अटीवर घेता येते ते आधी पाहतो, आणि आदिवासी नक्षी असेल तर ज्यांची आहे त्यांच्या घरातल्या मोठ्यांना विचारतो.

पुढील तिमाहीत दोन मंडळ्यांची कामे आहेत, एकीचे दानपात्र आणि दुसरीच्या दाराची वरची पट्टी. ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी फळी कुठे बसणार आणि उजेड कोणत्या बाजूने येतो हे जरूर कळवावे. खिडकी डावीकडे असेल तर आम्ही कडा त्या हिशेबाने उचलतो. वरून ट्यूबलाइट असेल तर उठाव वेगळा धरावा लागतो. चित्र मोबाइलवरून पाठवताना ते पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेले नको, मूळ पाठवा. आणि नक्षीत एखादे पान किंवा कणीस हवे असेल, तर त्याचे चित्र शोधत बसू नका. ते पान वर्तमानपत्राच्या दोन पानांत दाबून पाकिटात घालून पाठवा, शक्यतो दोन : एक सुलटे, एक उलटे.